पायाचं माप

आई गेल्याला दोन वर्षं झाली, तरी बाबा दर महिन्याला तिच्यासाठी चपलांचा नवा जोड शिवतात. माझा पाय हुबेहूब आईसारखा, म्हणून मापाला मीच उभी राहते. माप तेच असतं, तरी कागद दर वेळी नवा. दुकानातली गिऱ्हाइकं म्हणतात, "जीव लावावा तर असा." मलाही तसंच वाटायचं.

आज कागदावर पाय ठेवून मी धीर केला. "बाबा, मला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. सोमवारी निघायचंय."

पेन्सिल टाचेपाशी थांबली. मला वाटलं, आता चिडणार.

बाबा समजुतीनं म्हणाले, "पोरीला आता अडवायचं नाही गं. जाऊ दे तिला. मी आहे ना तुला."

आणि माझा घोटा घट्ट धरून त्यांनी उरलेलं माप पुरं केलं.