मनाचे फासे

“पाण्याची भीती!” फासा पाहून इल्वाने जाहीर केले. “सिक्स्टेन, तुझ्या शाहिराला आता साधा ओहोळ दिसला तरी घाम फुटणार.”

“म्हणजे आंघोळ बंद,” मायकेन म्हणाली. “तसा फारसा फरक पडणार नाही म्हणा.”

सिक्स्टेन हसला. टोर्केल हसला नाही. तो इल्वाच्या हाताकडे पाहत होता. हात पुठ्ठ्याच्या आडपडद्यामागे होता, आणि तो जरा घाईनेच बाहेर आला असे त्याला वाटले.

नियम साधा होता. खेळातले पात्र पाताळात उतरले आणि तेथे त्याने काही भयंकर पाहिले, की सूत्रधाराने त्याच्या मनाचा फासा टाकायचा. वीस पैलूंच्या त्या फाशावर पाच किंवा त्याहून कमी आकडा पडला, तर तक्त्यातला त्या आकड्याचा मनोविकार पात्राला जडायचा. फासा ज्याचा त्याचा, आपापल्या रंगाचा; टाकायची मात्र सूत्रधार इल्वा, आणि तोही आडपडद्यामागे. सूत्रधाराचे फासे कोणी पाहायचे नसतात. सारा खेळ त्या विश्वासावर उभा असतो.

टोर्केलच्या नेमक्या त्याच विश्वासाला तडा गेला होता. सिक्स्टेन गेल्या वसंतात इस्पितळातून परतला. तो मनाच्याच दुखण्याने तेथे होता, हे टेबलाभोवतीच्या सर्वांना ठाऊक होते. तेव्हापासून त्याच्या शाहिराला विकार जडत ते सगळे कसे हलकेफुलके: कधी उंदरांचा धसका, कधी झोपेत गाणे, आज पाणी. तक्त्यातला पहिला, सर्वांत वाईट विकार त्याच्या वाट्याला कधी आलाच नाही. इल्वा त्याला सांभाळून घेत होती, यात टोर्केलला शंका उरली नव्हती. दया म्हणून ते एक वेळ चाललेही असते. पण मग टोर्केललाच अंधारात का ठेवायचे? आज तो आला तेव्हा याच स्वयंपाकघरात इल्वा आणि सिक्स्टेन हळू आवाजात बोलत होते. दाराशी त्याने बूट काढेपर्यंत दोघे गप्प झाले. त्याची कॉफी आधीच ओतून ठेवलेली होती. कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्याने कप बदलून घेतला होता.

अलीकडे त्याला पाहून लोक गप्पच होत. कचेरीतले झाले, जिन्यावरची शेजारीण झाली. त्याने दाराचे कुलूप बदलले होते. कचेरीतल्यांबरोबर जेवणे सोडले होते. उरले होते ते हे शनिवारचे टेबल. येथेही लबाडी निघाली, तर या घरात पुन्हा पाऊल टाकायचे नाही, असे ठरवूनच तो आज आला होता. आणि त्यानंतर जायला त्याच्याजवळ दुसरे घर नव्हते.

“आता टोर्केलचा बुटका,” इल्वा म्हणाली. फासा पुठ्ठ्यामागे खडखडला आणि थांबला. “शाबूत! खडकासारखं डोकं आहे बाई त्याचं.”

“आत काही असेल तर बिघडेल ना!” मायकेनने केशर घातलेल्या नाताळच्या पावाचा तुकडा तोंडात टाकला.

“दाखव,” टोर्केल म्हणाला.

“काय दाखवू?”

“फासा. सिक्स्टेनचा. खरंच तीन पडले होते?”

खिडकीत नाताळच्या दिव्याची कागदी चांदणी पेटलेली होती. बाहेर उमेओ शहरावर उत्तरेकडच्या हिवाळ्याचा काळोख भर दुपारीच उतरला होता.

“अरे, असं कुठं असतं का?” मायकेन म्हणाली. “सूत्रधाराचे फासे तपासायचे, तर मग खेळायचं कशाला?”

“तेच विचारतोय मी. कशाला? त्याला सांभाळायचंय ना, खुशाल सांभाळा. पण मला वेड्यात काढू नका.”

सिक्स्टेनने मान वर केली. “मला सांभाळतेय ती?”

“नाहीतर काय! आल्यापासून तुमची दोघांची कुजबुज बघतोय मी.”

“टोर्केल, नको,” इल्वा म्हणाली आणि तिने आडपडद्यावर हात ठेवला.

त्या हातानेच त्याची खात्री पटवली. त्याने उठून पुठ्ठा ओढला. पुठ्ठा आडवा झाला, कॉफी कलंडली, आणि ती पुसायला कोणीही उठले नाही.

निळा फासा सिक्स्टेनचा. त्यावर तीन होते. तीन म्हणजे पाण्याची भीती. टोर्केलला तक्ता तोंडपाठ होता. शेजारी लाल फासा होता, त्याचा स्वतःचा. त्यावर एक होता.

एक म्हणजे संशय. आपले सोबतीच आपल्या जिवावर उठले आहेत, असे पात्राच्या मनाने घेणे.

“हा माझा आहे,” टोर्केल म्हणाला. “तू शाबूत म्हणालीस.”

“हो.” इल्वाने त्याच्याकडे सरळ पाहिले. “सिक्स्टेनचा जो पडेल तोच मी सांगते. तुझा सांगत नाही. पानगळ लागल्यापासून तुझा कितीही पडो, मी शाबूतच म्हणते. हे असलं काही तुला आत्ता ऐकवायचं नव्हतं रे मला.”

टोर्केलने मायकेनकडे पाहिले. तिने नजर खाली वळवली. म्हणजे तिलाही ठाऊक होते.

“म्हणजे कट होताच.” त्याने खुर्चीवरचा कोट उचलला. “आणि ही अक्कल कोणाची?”

“माझी,” सिक्स्टेन म्हणाला. तो उठला नाही, दाराच्या आडही आला नाही. “माझीही सुरुवात अशाच संशयाने झाली होती, टोर्केल. मी मात्र तेव्हा असाच सगळ्यांतून उठून निघून गेलो होतो, तो थेट इस्पितळात पोहोचलो.”