एका दिवसाचा ताप

फोनवर नुसतं कण्हून रजा मिळायचे दिवस केव्हाच गेले होते. आता मालकांना मनगटावरच्या पट्टीत खराखुरा ताप दिसायला हवा! साडीच्या दुकानात काउंटर सांभाळणाऱ्या निमिषाला काय करावं कळेना. ऐन लग्नसराई, आत्याचं उद्या मोठं ऑपरेशन आणि भेटायची वेळ फक्त चार ते पाच. शेवटी तिने एक दिवस ताप आणणारी गोळी विकत आणून गिळली. रजा मंजूर!

पण वॉर्डच्या दारानेही तीच पट्टी वाचली आणि ते उघडेना.

काचेपलीकडून आत्याने फोन लावला. "अगं वेडे, एवढी फणफणलीस आणि आलीस कशाला? जा, झोप घरी. मी काय पळून जातेय?"

निमिषाला खरं सांगवेना. पाच वाजेपर्यंत ती तापलेला तळहात काचेला लावून उभी राहिली.