चिठ्ठीतले थांबे

"दीपगृहावर पंधरा मिनिटं, मग कड्यावरची बाग, मग जेवण आणि शेवटी मासळीचा धक्का. चार थांबे, मॅडम," ड्रायव्हरने रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं.

"आणि मधे?" मागच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं.

"मधे रस्ता."

बाई सत्तरीच्या असतील. मांडीवर जाड वही, पायाशी कापडी पिशवी. गाडी निघाल्यापासून त्यांनी तीनदा वहीत काहीतरी टिपलं होतं आणि तिन्ही वेळा ड्रायव्हरने गाडीचा वेग आणखी कमी केला होता.

कारण याच आठवड्यात तपासणी होती. कंपनीची पद्धतच होती तशी. वर्षातून एकदा कुणीतरी साधा प्रवासी बनून गाडीत बसायचं, दिवसभर गोडगोड बोलायचं आणि संध्याकाळी ड्रायव्हरचा निकाल लावायचा. एरवी त्याने फिकीर केली नसती. पण गाडी वाटेल तिथे थांबवायची त्याला भारी खोड. कुणाच्या पोराला खेकडे बघायचेत, थांब. कुणाला नुसताच वारा खायचाय, थांब. ऑफिसात त्याचं नाव थांबेराव पडलं होतं. दोन महिन्यांपूर्वी असल्याच एका थांब्यापायी एका कुटुंबाची परतीची बोट सुटली, त्यांनी तक्रार ठोकली आणि मालकांनी समोर उभं करून सांगितलं, "चिठ्ठीत नसलेला एक जरी थांबा पुन्हा कानावर आला, तर किल्ली टेबलावर ठेवायची." पंचावन्नाव्या वर्षी त्याला दुसरी किल्ली कोण देणार होतं?

सकाळी डबा हातात देताना बायकोनेही बजावलं होतं, "आजच्या दिवस माणुसकी घरी ठेवून जा."

तशी ती ठेवून तो निघाला होता. बुकिंगच्या चिठ्ठीवरच्या वरच्या दोन ओळी, पत्ता आणि वेळ, वाचल्या आणि नेहमीप्रमाणे घडी घालून ती समोरच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेत खोचली. चार थांबे काय, ते त्याला झोपेतही पाठ होते.

दीपगृहावरून बाई पाच मिनिटांत परतल्या. गाडी पुन्हा समुद्राला डावीकडे ठेवून वळणं घेऊ लागली.

"किती वर्षं आहात या रस्त्यावर?"

"एकोणीस."

"म्हणजे माणसं पुष्कळ पाहिली असतील."

"पाहतो कुठे? सगळी पाठीमागे बसतात. चेहरे बघत बसलो तर वळणं कोण बघणार?"

बाई हसल्या. मग जरा पुढे झुकून म्हणाल्या, "तुम्ही म्हणे सांगाल तिथे गाडी थांबवता."

आला! आला सापळा! ड्रायव्हर सीटवर ताठ झाला.

"छे छे! कुणी सांगितलं? ठरलेली जागा सोडून ही गाडी थांबत नाही, मॅडम."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. नियम म्हणजे नियम."

इतकं धडधडीत खोटं तो स्वतःच्या लग्नाच्या बोलणीतही बोलला नव्हता. बाईंनी वही उघडली, पण लिहिलं काहीच नाही.

बागेतल्या बाकावर बाईंनी पिशवीतून थर्मास काढला, दोन कपांत चहा ओतला आणि एक त्याच्यापुढे धरला. प्रवाशांकडून काही घ्यायचं नाही, हाही नियमच.

"नको, मॅडम. चालत नाही."

"घ्या हो. साखर कमीच घातलीय. तुम्हाला तशीच लागते ना?"

बया आपली सगळी कुंडली वाचून आलीय, ड्रायव्हर मनात म्हणाला. त्याने हात मागे बांधले आणि समुद्राकडे बघत राहिला. दुसरा कप कठड्यावर गार झाला. शेवटी बाईंनी तो गवतावर ओतून टाकला.

जेवणानंतर रस्ता उतरणीला लागला.

"भाऊ, पुढच्या वळणाखाली एक पडका धक्का आहे. तिथे दहा मिनिटं थांबता?"

"चिठ्ठीत नाही, मॅडम."

"चिठ्ठीत नाही?" बाईंना नवल वाटलेलं दिसलं. "नीट वाचलीत ना?"

"पाठ आहे मला."

"मग पाचच मिनिटं. मी गाडीतून उतरणारसुद्धा नाही."

जागा त्याला चांगली माहीत होती. बसायला मोठा सपाट दगड, समोर नुसतं पाणी, चिटपाखरू नाही. त्याचा पाय आपणहून ब्रेककडे गेला. म्हातारं माणूस इतकं विनवतंय आणि आपण दगडासारखे बसलोय, याची त्याला मनापासून लाज वाटली. पण टेबलावर पडलेली किल्ली डोळ्यांपुढे आली आणि त्याने गाडी पुढे काढली.

"माफ करा, मॅडम."

"असू दे. तुमची तरी काय चूक." धक्का डोंगराआड जाईपर्यंत बाई मान वळवून मागच्या काचेतून बघत होत्या.

संध्याकाळी त्याने त्यांना लॉजच्या दारात सोडलं. "उद्या पहाटे निघते," त्या म्हणाल्या. "या वयात पुन्हा येणं काही व्हायचं नाही. गाडी छान चालवता हं. अगदी नियमात."

त्याचा जीव भांड्यात पडला. शीळ घालतच त्याने आपली चौदा नंबरची गाडी ऑफिसच्या आवारात आणली. तिथे भोंगा, म्हणजे अठरा नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर, धावतच आला.

"थांबेराव, सुटलास लेका! तपासणीवाला माझ्या गाडीत होता. टकल्या, गळ्यात कॅमेरा! उतरताना कार्ड दाखवलंन. मी पास! संपली यंदाची तपासणी!"

"मग माझ्या गाडीतली बाई?"

"असेल बाबा कुणी साधी प्रवासी. चिठ्ठी जमा कर आणि घरी जा."

त्याने झडपेतली चिठ्ठी काढली आणि घडी उलगडली. पत्ता आणि वेळ यांच्याखाली, 'जादा थांबा' या रकान्यात, ऑफिसातल्या बुकिंगवालीच्या अक्षरात लिहिलं होतं:

'पडका धक्का. चौदा नंबरचेच ड्रायव्हर हवेत. सात वर्षांपूर्वी यजमानांच्या शेवटच्या आजारात त्यांनी यादीत नसतानाही तिथे तासभर गाडी थांबवली होती, तिघांनी मिळून चहा घेतला होता. जागा सांगावी लागणार नाही, ते आपणहून थांबतील.'