भोंग्यावरचं पाणी

भोंगा वाजत नव्हता, म्हणून मसऊदाचं पाणी अडलं होतं. कुदळ खांद्यावर टाकून ती पाटाच्या तोंडाशी उभी होती आणि पाणी तिच्या डोळ्यांदेखत शेजारच्या लझहरच्या डाळिंबांत चाललं होतं. पलीकडे तिच्या मेंदीच्या रोपांनी माना टाकल्या होत्या. आजची पाळी हुकली तर पुढची नऊ दिवसांनी. इकडच्या बिनपावसाच्या जुलैच्या उन्हात नऊ दिवस कोवळी मेंदी जगत नाही, आणि मेंदीखेरीज विकायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

पाळीच्या दिवशी सकाळच्या भोंग्याला लझहरचं पाणी सुरू व्हायचं, दुपारच्या भोंग्याला तिचं. घड्याळं सगळ्यांकडे आहेत. पण आमच्या बागेत घड्याळ मालकाच्या बाजूनं बोलतं, म्हणून ते कुणी मानत नाही. कारखान्याचा भोंगा कुणाचा सोयरा नव्हता.

आणि तो बंद कुणी पाडला? मसऊदानंच. तिनं आणि तिच्यासारख्या शंभरेक बायकांनी. खत कारखान्याच्या धुरानं तिच्या नातीला धाप लागायची, ओठ निळे पडायचे. तीन दिवसांपूर्वी बायका फाटकासमोर जाऊन बसल्या आणि भट्ट्या विझल्या. त्यांतल्या एका भट्टीवर मसऊदाचा मुलगा नूरी कामाला होता, आणि नातीचं औषध त्याच्याच पगारातून यायचं. कुणी हे बोलून दाखवलं की मसऊदा म्हणायची, मला ठाऊक आहे, तुम्ही नका सांगू.

लझहर तसा सरळ माणूस. पण त्याची डाळिंबंही तहानलेलीच होती.

“खाला, भोंगा झाल्याशिवाय पाट वळवायचा नाही, हे तुझ्याच नवऱ्यानं ठरवलं होतं, अल्ला त्याला जन्नत देवो. मला कशाला पापात घालतेस?”

“दुपार टळली, दिसत नाही तुला?”

“टळली की टळायचीय, ते खलीफाकाकांना विचार. मी कोण सांगणारा?”

काल याच घोळात दोन सख्ख्या भावांनी एकमेकांवर कुदळी उगारल्या होत्या. म्हणून खलीफाकाकांचं बुडाला भोक असलेलं मडकं पुन्हा बाहेर निघालं होतं. भोंगा येण्याआधी बागेचं पाणी तेच मोजायचे. मडक्यात सून मिरच्या ठेवायची, त्या तिनं परातीत ओतल्या. ठरलं असं, की उन्हं खजुरीच्या शेंड्याला लागली की पहिलं मडकं भरायचं. ते गळून रिकामं झालं की खजुरीच्या पातीला एक गाठ मारायची आणि पुन्हा भरायचं. वीस गाठी झाल्या की पाणी मसऊदाचं.

ती बागेतल्या काकांच्या तुकड्यावर गेली. मडकं फांदीला टांगलेलं होतं, आतून बाहेरून कोरडं ठणठणीत. काका खाली चटईवर आडवे होते. हातात पाती, पातीला पाच गाठी. सून सालिहा शेजारी बसून माश्या वारत होती.

मसऊदानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तशी सालिहानं तिचं मनगट धरलं.

“नको उठवूस. सात वर्षं हे उशांना टेकून, बसल्याबसल्या झोपतात. आज पहिल्यांदा पाठ टेकलीय. ऐक ना, खोकला येतोय का?”

मसऊदानं कान देऊन ऐकलं. येत नव्हता. तिच्या नातीचंही असंच झालं होतं. दोन रात्री पोरीची घरघर नाही, तर मसऊदाच चारदा उठून तिच्या नाकापुढे हात धरून बघत होती. तिला काकांचा मनापासून आनंद झाला आणि तितकाच रागही आला. झोपायचंच होतं तर वीस गाठी झाल्यावर झोपायचं. तिनं हात मागे घेतला, थोडा वेळ उगीच मडक्याकडे बघितलं आणि कुदळ घेऊन तरातरा कारखान्याच्या वाटेला लागली.

फाटकासमोर बायका चहाचे पेले घेऊन बसल्या होत्या. मसऊदाला बघून त्यांनी सरकून जागा केली. ती बसली नाही. आतल्या बाजूला नूरी आणि चार कामगार सावलीत पत्ते खेळत होते. हल्ली त्यांना तेवढंच काम होतं.

“नूरी, भोंगा वाजव.”

नूरीला वाटलं, ऊन लागलं हिला.

“एकदाच. दुपारचा. बागेत पाणी अडलंय.”

नूरी पत्ते टाकून गजांपाशी आला. “आई, भोंगा वाफेवर वाजतो. वाफ भट्टीवर होते. आणि भट्टी तू विझवलीस.”

बायका हसल्या. एकीला तर पेला खाली ठेवावा लागला. मग तिलाच आठवलं, की आज रात्रीच्या भोंग्याला पाणी तिचं आहे. ती हसायची थांबली. तिच्याकडे बघून शेजारची थांबली.

मसऊदानं वर बघितलं. धुराड्यामागचं आभाळ स्वच्छ होतं. असं आभाळ तिनं कितीक वर्षांत बघितलं नव्हतं, आणि त्याच आभाळातून ऊन तिच्या मेंदीवर पडत होतं. गज धरून ती पुढे झाली आणि तिनं आवाज खाली आणला, तरी तो सगळ्यांना ऐकू गेला.

“थोडीशीच पेटवता येते का रे?”

बायकांपैकी कुणीही तिला गप्प बस म्हटलं नाही. सगळ्या नूरीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.