खरखर

“आई गेली त्या संध्याकाळचीच आहे का, तेवढं सांगा,” जुन्या फितींचे आवाज साफ करायच्या माझ्या दुकानात कॅसेट पुढे करत ती म्हणाली. “ती घरात शेवटच्या घटका मोजत होती आणि बाबा टीव्हीवर लाइव्ह लोकांना हसवत होते. होस्टेलवर मी डोळ्यांनी पाहिलंय. ही कॅसेट त्यांच्या तोंडावर फेकायचीय मला.”

टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून घरीच उतरवलेला कार्यक्रम होता. सुरुवातीला बातम्यांचं शेपूट सापडलं. तारीख तीच.

ती खुर्चीत टेकेना. मी खरखर काढत गेलो. टाळ्यांखालून खोलीतला एक आवाज वर आला. टीव्हीत बोलणाऱ्याचाच.

“आता बघ हं, इथे हसतील.”

“अहो, लोकांच्या आधी तुम्हीच हसताय,” धापा टाकत कुणी बाई म्हणाली.

मुलगी दारापर्यंत गेली, परत आली.

“ती खरखर पुन्हा घालता येईल का हो?”