तबकडीवरचं नाव

बुडापेस्टमधल्या घरी व्हायोलिनवादक डेझोची नवी तबकडी वाजत होती: मैफलीअखेर आग्रहाखातर वाजवायचे छोटे, चमकदार तुकडे. शेवटच्या तुकड्यातली विजेसारखी तान संपली आणि पाहुण्यांनी टेबलावर थापा मारल्या. “मास्तर, साठीत ही बोटं!” पाहुण्यांतला एक संगीत-समीक्षक ओरडला. डेझोची करंगळी वर्षभर बधिर होती. ती तान बायकोनं, पिरोश्कानं वाजवून दिली होती. स्टुडिओत गुपचूप जोडली गेली. “वहिनी, तुम्हीही व्हायोलिन वाजवायचात ना?” समीक्षकानं विचारलं. “घरापुरतं,” डेझोच बोलून गेला. पिरोश्का गुलाशचा रस्सा वाढत राहिली. डेझोनं चमचा खाली ठेवला. तो उठला. “ही तान माझी नाही, हिची!” पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. पिरोश्काच हसली. “जर्दाळूची दारू चढली वाटतं याला!” सगळे खदखदून हसले. “काय हा विनय, मास्तर!” समीक्षक म्हणाला. डेझो खाली बसला. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि पिरोश्काकडे मान वर करून बघवेना.