ओळींवरची पेन्सिल

जास्मीनच्या पुस्तकात पेन्सिलीनं काहीतरी बारीक लिहिलेलं होतं, आणि ते मराठी नव्हतं.

दुसरीच्या रेवा मॅडमनी खोडरबर खाली ठेवला. वर्ष संपता संपता मुलांची पुस्तकं गोळा करायची, त्यांतल्या मिशा, चष्मे आणि फुल्या मुलांना हाताशी घेऊन खोडायच्या आणि ती पुढच्या वर्षीच्या मुलांना द्यायची, हे त्यांचं दर एप्रिलचं काम. मिशा बहुतेक पुस्तकांत होत्याच. एकात तर चित्रातल्या म्हशीलाही होत्या. पण जास्मीनच्या पुस्तकात पहिल्या धड्यातल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत उर्दू लिहिलं होतं. मॅडमना उर्दू वाचता येत नव्हती. पनवेलच्या बाजारातल्या पाट्या बघून ओळखता मात्र येत होती.

वर्गाच्या भिंतीवर एक शिडी रंगवलेली होती. तळाला अक्षर, मग शब्द, वाक्य, परिच्छेद आणि सगळ्यात वर गोष्ट. ज्याला जेवढं वाचता येईल त्या पायरीवर त्याच्या नावाची चिठ्ठी. जास्मीनची चिठ्ठी जानेवारीपासून सगळ्यात वर होती आणि त्याचा अभिमान तिच्यापेक्षा मॅडमनाच जास्त होता. आता त्यांना वाटलं, पोरगी मराठी वाचतच नव्हती. वर्षभर ती वरची उर्दूच वाचत होती.

तशा मॅडम संशयी नव्हत्या, पण दुधानं तोंड पोळलेलं होतं. गेल्या वर्षी राजस नावाच्या मुलानं अख्खं पुस्तक पाठ केलं होतं आणि एक दिवस मुख्याध्यापकांसमोर ते उलटं धरून घडाघडा वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून मॅडम ताकही फुंकून पीत.

हे कोणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं. जास्मीननं ओठ घट्ट मिटून घेतले. मॅडमनी कपाटातून एक कोरं गोष्टीचं पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं. एरवी न थांबता वाचणारी मुलगी रडवेली होऊन तिसऱ्याच शब्दाला अडली. मॅडमनी शिडीवरून तिची चिठ्ठी काढली. कुठल्या पायरीवर लावावी ते ठरेना, म्हणून ती त्यांच्या हातातच राहिली.

शाळा सुटायला अर्धा तास होता. पण जास्मीनची आई रोजच लवकर येऊन फाटकाशी उभी राहायची, म्हणून मॅडमनी तिला वर्गात बोलावून घेतलं. नूरुन्निसा मूळची उरणकडच्या मोरा बंदराची. नवरा कुवेतला, ही घरी शिवणकाम करणारी. टेबलावरचं पुस्तक बघूनच तिचा चेहरा उतरला. सरकारी पुस्तक खराब केलं म्हणून आता बोलणी बसणार, असं तिला वाटलं. आत्ता इथं बसून सगळं खोडून देते, म्हणाली.

"खोडू नका, ताई," मॅडम म्हणाल्या. "जास्मीन हे बघून वाचते का, तेवढं मला सांगा."

नूरुन्निसाला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिनं मान हलवली.

"हिला उर्दू नाय येत, मॅडम. उर्दू मला येते. मला हे येत नव्हतं."

मग तिनं सगळं सांगितलं. ती उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मुलीला मराठी शाळेत घातलं, आणि रोज घरी वाचन ऐकून वहीत सही करायचा मॅडमचा नियम आला. तिनं महिनाभर मनापासून सह्या केल्या. मग एकदा पान गच्च भरलेलं आणि वाचन दोन मिनिटांत आटपलेलं बघून तिला शंका आली. बाईसाहेब मधल्या ओळी गाळून खेळायला पळत होत्या. त्या दिवसापासून तिनं पेन्सिल हातात घेतली. जास्मीननं एकेक शब्द वाचायचा, आईनं तो वर उर्दू अक्षरांत उतरवायचा. शाळेत कुणाला सांगू नकोस, असं मुलीला बजावलेलं होतं, कारण एवढ्या मोठ्या बाईनं दुसरीचं पुस्तक शिकायचं म्हणजे लाजच की.

मॅडमनी पुस्तक आता शेवटापर्यंत चाळलं. पहिल्या धड्यात प्रत्येक शब्दावर उर्दू होती. पाचव्यात ओळीमागे दोन-तीन शब्द. दहाव्यात पानाला एखादा. शेवटचे तीन धडे कोरे होते.

मॅडमना विश्वास ठेवायचा होता, अगदी मनापासून. पण त्यांनी राजसवरही ठेवला होता. त्यांनी ते कोरं पुस्तक नूरुन्निसाकडे सरकवलं.

"हिनं तुम्हाला शिकवलं असेल, तर हिला वाचता येतं. मग हिची चिठ्ठी वरच राहील. एक पान वाचाल?"

नूरुन्निसानं वर्गाकडे पाहिलं. पस्तीस मुलं मिशा खोडायचं सोडून माना उंचावून बघत होती. एवढ्या पोरांसमोर, असं ती पुटपुटली. मग ओढणी सारखी करून पहिल्या बाकावर गुडघे मुडपून बसली. तिचं बोट सवयीनं ओळीच्या उजव्या टोकाला गेलं, थांबलं आणि डावीकडे आलं.

ती वाचू लागली. एका माकडाला आरसा सापडला. त्यानं तो झाडावर नेला. आवाज अगदी बारीक होता, पण शब्द एकही गळत नव्हता. तिसऱ्या ओळीत एक लांबलचक जोडाक्षरी शब्द आला आणि बोट तिथंच रुतलं. तिनं ओठ हलवून पाहिले. पुन्हा पाहिले. मॅडमना राहवलं नाही. तो शब्द सांगून टाकावा म्हणून त्या पुढे वाकल्या.

जास्मीननं त्यांचा हात धरून त्यांना मागे ओढलं.

"सांगू नका, मॅडम," ती कुजबुजली. "अम्मीला येतं. फक्त टाइम लागतो तिला."